पडवीतली दुपार आणि पिशवीतली पुस्तकं

दादरहून मध्यरात्री सुटणाऱ्या राज्यराणीचं नाव 2017 साली ‘तुतारी एक्सप्रेस’ झालं, केशवसुतांच्या कवितेवरून. तेव्हापासून पुस्तकांची पिशवी घेऊन कोकणात उतरायचं ते याच गाडीने, असा माझा शिरस्ता आहे. यंदा ऐन श्रावणात गेले. पिशवीत दोन नव्या कादंबऱ्या होत्या आणि पूर्वी वाचलेल्या दोन जुन्या. नव्यांपैकी एक कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’, 2023 च्या साहित्य अकादमी पुरस्काराची. दुसरी सावंतवाडीच्या प्रवीण बांदेकरांची ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’, तिला 2022 चा हाच पुरस्कार. जुन्यांत श्री. ना. पेंडशांचा ‘गारंबीचा बापू’ आणि चिं. त्र्यं. खानोलकरांची ‘कोंडुरा’.

ही जोडणी मुद्दाम केली होती. जुनी कादंबरी आपण सुट्टीत घेतो, लोळत वाचतो, आवडलेल्या पानावर पुन्हा जातो. नवीला पुरस्कार मिळाला की चार दिवस तिची चर्चा होते, परीक्षणं येतात, आणि पुस्तक वाचलं जातं लोकलमध्ये उभ्याउभ्या, स्टेशन येईपर्यंत. मग ‘जरा जड आहे’ म्हणून ते फडताळात जातं. हे मला फार लागतं. म्हणून या वेळी नव्या पुस्तकांनाही तेवढाच पाऊस, तेवढाच झोपाळा आणि तेवढीच दुपार द्यायची, असं ठरवून निघाले.

पहाटे चिपळूणला उतरले तेव्हा पाऊस सरळ रेषेत पडत होता. मुक्काम मावशीकडे. तिच्या बाहेरच्या खोलीत, खिडकीच्या वरच्या चौकटीच्याही वर, 22 जुलै 2021 च्या पुराच्या पाण्याची रेघ आहे. रंग दोनदा दिला तरी ती पुसट दिसतेच. त्या रात्री काय काय वर नेलं, असं विचारलं तर मावशी म्हणाली, “आधी पोथ्या आणि तुझ्या काकांची पुस्तकं माळ्यावर टाकली. मग तांदूळ.” खालच्या कप्प्यातली राहून गेली. त्यांपैकी एक तिने मला दाखवलं. पानं लाटांसारखी उठलेली, कडांवर वाशिष्ठी नदीच्या गाळाची तपकिरी किनार, आणि मधली काही पानं एकमेकांना कायमची चिकटलेली. तिने प्रत्येक पानात टाल्कम पावडर घालून, पंख्याखाली वर्तमानपत्रावर पसरून ते वाळवलं होतं. उघडलं की अजून पावडरचा वास येतो. ते पुस्तक ती आजही वाचते, चिकटलेल्या पानांवरून उडी मारून.

गावातल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात गेले. 1864 सालची संस्था. या गावातल्या ग्रंथालयाला पाणी नवं नाही. 2005 चा पूरही इथल्या पुस्तकांनी पाहिला आणि 2021 चाही. तरी पुन्हा कपाटं उभी आहेत. दुपारी छत्र्या दाराशी ठेवून वर्तमानपत्रं वाचणारी माणसं आहेत. पुस्तक बदलायला आलेल्या एका बाई दिवाळी अंक कधीपासून मिळतील, याची चौकशी करत होत्या. दिवाळीला अजून कितीतरी अवकाश होता! मला त्या बाईंचा हेवा वाटला.

‘रिंगाण’ वाचायला चिपळूण निवडण्यामागे कारण होतं. कादंबरीतलं गाव धरणामुळे उठवलेलं आहे. माणसं दुसरीकडे वसवली, एक म्हैस मागे राहिली, आणि तिला आणायला एक माणूस त्या ओसाड मुलखात परत जातो. गोष्ट एवढीच. आता चिपळूणची वाशिष्ठी पाहा. सह्याद्रीपलीकडे कोयनेचं पाणी अडवलं आहे. ते डोंगराच्या पोटातून पोफळीला वीजघरात उतरतं, कोळकेवाडीत पुन्हा साठतं, पुन्हा वीज देतं आणि मग वाशिष्ठीत येतं. म्हणून ही नदी भर उन्हाळ्यात, बाकीच्या कोकणी नद्या कोरड्या पडल्यावरही वाहत असते. पलीकडे शिवसागराखाली, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाखाली, गावं गेली, त्याचं पाणी इकडे माझ्या मावशीच्या घरामागून वाहतं. कादंबरीतलं धरण कोयना नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण मागच्या दारी बसून ती वाचताना नदीचा आवाज कानात होता, आणि ‘विस्थापित’ या सरकारी शब्दाच्या जागी मला एक माणूस आणि एक जनावर दिसत राहिलं.

खोतांचं गद्य घाईला दाद देत नाही. वाक्यं तुटक, बोलीत भिजलेली, एकाच क्षणाभोवती फिरणारी. म्हैस आता माणसाळलेली उरलेली नाही, रानटी झाली आहे. ती अंगावर येते तेव्हा त्याला राग धरता येत नाही आणि तिला सोडूनही देता येत नाही. हा भाग मी दोनदा वाचला, दुसऱ्यांदा मोठ्याने. मावशी भाजी निवडत ऐकत होती. “तिला तरी काय कळणार, गाव कुणी उठवलं ते?” एवढंच म्हणाली. परीक्षणांतून मला जे मिळालं नव्हतं, ते या एका वाक्यात मिळालं.

तिथून खेडवरून एसटीने दापोली, आणि पुढे आसूद. पेंडशांचं मुर्डी इथून जवळच. आसूदला केशवराजाच्या देवळाकडे जाताना पऱ्ह्यावरचा पूल ओलांडून पोफळींतून पायऱ्या चढाव्या लागतात. पावसाळ्यात त्या शेवाळतात, म्हणून मी अनवाणी चढले. ‘गारंबीचा बापू’ 1952 साली आला, पण त्यातला सुपारीचा ओलसर अंधार इथे पाऊल ठेवताच अंगावर येतो. फक्त एक गोष्ट बदलली आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने या पट्ट्यातल्या बागा झोपवल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला पाच-सात वर्षं सहज जातात, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्यांच्या उंच झाडांशेजारी खांद्याएवढी रोपं दिसतात आणि मध्येच आभाळाचे मोठे तुकडे. पेंडशांच्या वर्णनात आभाळ एवढं येत नाही. इथल्या माणसांचं सगळं जगणं झाडाच्या वयाशी कसं बांधलेलं आहे, हे बापू पुन्हा वाचताना मला या वेळी अधिक जाणवलं. राधा आणि बापू पहिल्या वाचनात डोक्यात घर करून राहतात. या वाचनात आण्णा खोत आणि त्याची मालकी मोठी वाटली. खोती, म्हणजे खोतांचा गावच्या जमिनीवरचा वतनी हक्क, कायद्याने गेली, पण जमीन कुणाची हा प्रश्न कोकणातल्या कादंबरीतून काही गेला नाही.

रत्नागिरी आणि मालगुंड मी धावतच केलं. मालगुंडला केशवसुतांचं घर आणि 1994 साली उभं राहिलेलं स्मारक आहे. शाळेची सहल आलेली होती, मुलं भिंतीवरच्या कविता ओरडून वाचत होती, आणि मला ते फार आवडलं. रत्नागिरीत 1828 पासून चालत आलेलं नगर वाचनालय बघितलं आणि पुढची गाडी धरली. थिबा राजवाडा टेकडीवरून नुसता पाहिला. ब्रह्मदेशाचा राजा इथे नजरकैदेत राहून 1916 मध्ये गेला. अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ मधली ती रत्नागिरीची पानं ज्यांना आवडली असतील, त्यांनी तरी इथे सवड काढून यावं.

खरं वाचन झालं ते वेंगुर्ल्याजवळ. एका काकूंच्या घरी खोली मिळाली. पुढे पडवी, पडवीत झोपाळा, आणि अंगणापलीकडे माडांतून दिसणारा समुद्राचा राखाडी पट्टा. माझी दिनचर्या ठरून गेली. सकाळी घावणे आणि चहा झाला की नवी कादंबरी. दुपारी कुळथाची पिठी-भात जेवून एक डुलकी, मग उठून पुन्हा तीच. संध्याकाळी दिवेलागणीनंतर जुनं पुस्तक. वाचताना खायला उकडलेल्या आठळ्या. याहून चांगला खाऊ वाचणाऱ्याला मिळणार नाही: बोटांना तेल नाही, चुरा नाही, आणि सालं काढण्यात पानं उलटण्याचा वेग आपोआप मंदावतो. खूण म्हणून मी एसटीचं तिकीट घालते. पुढे कधी पुस्तक उघडलं की कुठून कुठे जाताना वाचलं ते कळतं.

पावसाळ्यात पुस्तकं सांभाळणं हे इथल्या घरांतलं रोजचं काम आहे, हे काकूंच्या कपाटात बघितलं. कपाट भिंतीला टेकवलेलं नाही, वीतभर पुढे ओढलेलं. कप्प्यांत वेखंडाचे तुकडे आणि कडुलिंबाची वाळलेली पानं. उघडीप पडली की पुस्तकं सावलीत उभी करून, पानं पंख्यासारखी पसरून ठेवायची. उन्हात ठेवली तर बांधणी सुटते. तरी कसर लागतेच. माझी पुस्तकंसुद्धा दोन दिवसांत मऊ पडली. पान उलटताना आवाज येईनासा झाला.

‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ उघडण्याआधी मी कुडाळजवळ पिंगुळीला जाऊन आले. ठाकर समाजाची कळसूत्री बाहुल्यांची आणि चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची, परंपरा तिथे जपली आहे. त्यासाठी परशुराम गंगावणे यांना 2021 ची पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कला अंगणातल्या बाहुल्या मी अगदी जवळून पाहिल्या. लाकडावरचा रंग नाकाच्या शेंड्याला उडालेला. दोऱ्या जिथे बोटांत अडकवतात, तिथे हाताच्या घामाने काळ्या आणि गुळगुळीत झालेल्या. खेळात प्रेक्षकांचं लक्ष बाहुलीकडे असतं, माझं त्या काळ्या दोऱ्यांकडेच जात होतं.

बांदेकरांची कादंबरीही तिकडेच बघायला लावते. खेळ कोण करतो, नाचतं कोण, आणि नाचणाऱ्याला ते कळतं का? मिथकं, लोककथा आणि आजचं राजकारण या पुस्तकात एकमेकांत असे गुंतत जातात, की आपण कुठल्या काळात आहोत हे काही पानं कळत नाही. मधला काही भाग मला पसरट वाटला आणि तिथे माझा वेग अडखळला. पण हे पुस्तक तुकड्यातुकड्यांनी वाचण्याचं नाहीच. सलग दोन दुपारी दिल्यावर त्यातली भीती चढत गेली. बोलणाऱ्याला, लिहिणाऱ्याला, प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवण्याची जी हवा आपल्या भोवती आहे, ती मालवणी मुलखातल्या ओळखीच्या माणसांच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा आला. दशावतार, देवापुढची गाऱ्हाणी आणि बाहुल्यांच्या मुलखात राहणारा लेखकच हे अशा पद्धतीने सांगू शकतो. मराठीत गेल्या काही वर्षांत आलेल्या कादंबऱ्यांत मी हिला फार वर ठेवते.

‘कोंडुरा’ साठी वायंगणीला जायचं होतंच; कोंडुरा ही तिथली समुद्राकाठची खडकाळ जागा. पावसाळ्यात तिथे पाण्याजवळ जाऊ नये. मी वरच्या खडकांवरच थांबले. लाट कपारीत शिरते आणि आतून घुमारा येतो, तो कानाआधी पायांना कळतो. खानोलकरांच्या परशुरामतात्याला कोंडुऱ्याकडून मिळालेलं देणं वर की शाप, हा प्रश्न मला आजवर कादंबरीपुरता वाटायचा. तो घुमारा ऐकल्यावर तात्याने विश्वास का ठेवला, हे मला पटलं. बागलांच्या राईत जन्मलेल्या आणि कुडाळात खानावळ चालवता चालवता कविता लिहिणाऱ्या या माणसाला निसर्ग कधीच नुसता सुंदर दिसला नाही. त्याच्या पानांवर तो माणसाकडून काहीतरी मागत उभा असतो.

त्या रात्री वीज गेली. बॅटरीच्या उजेडात शेवटची प्रकरणं वाचत होते तेव्हा काकू दारात आल्या. “काळोखात कित्याक वाचतंस गो? डोळे जातले तुझे.” पुस्तकाचं नाव सांगितलं तर झोपाळ्यावर बसल्याच, आणि लहानपणी कोंडुऱ्याच्या आवाजाला घरातली मोठी माणसं कशी हात जोडायची, ते सांगत राहिल्या.

निघायच्या दिवशी त्यांच्या सुनेने ‘रिंगाण’ मागून घेतलं. ती गावच्या शाळेत शिकवते, आणि माहेरी धरणग्रस्तांची वसाहत आहे. पुस्तकात मी पेन्सिलीने खुणा केल्यात, चालतील का, असं मी विचारलं. तिला हव्याच होत्या. आमचं ठरलंय: तिच्या खुणा ती लाल पेन्सिलीने करणार, शेवटच्या कोऱ्या पानावर तिला काय वाटलं ते लिहिणार, आणि डिसेंबरात मी जाईन तेव्हा त्यावर बोलायचं. तोवर तिने दिलेलं जयवंत दळवींचं ‘सारे प्रवासी घडीचे’ माझ्याकडे आहे. आरवली तिथून हाकेच्या अंतरावर, म्हणून ते तिथेच येऊन वाच, असं तिने बजावलंय.