मेडलच्या कडेवरचा शेवटचा आकडा लागला, पण पलटण बदलली

पणजोबांच्या पहिल्या महायुद्धातल्या मेडलच्या कडेवर त्यांच्या पलटणीचा नंबर आहे, त्यातला पुसट झालेला शेवटचा इंग्रजी आकडा ४ निघाला. ७ नाही, ६ तर नाहीच. परवा रात्री पावणेबाराला भिंगातून तो आडवा दांडा आणि खाली उतरलेला पाय स्वच्छ दिसला आणि मी बायकोला झोपेतून उठवून दाखवला. तिलाही ४ च दिसला, म्हणजे नक्की झालं.

म्हणजे पणजोबा ११४ मॅहराटाज या मराठा पलटणीचे. आणि मी गेले सात महिने ११७ च्या मागे होतो. आधीचे अपडेट वाचलेत त्यांना माहीतच आहे, इराकमधल्या कुटच्या वेढ्याचा दिवसावार तक्ता केला, त्यात अडकलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनच्या तिन्ही ब्रिगेडींची मांडणी काढली, लंडनला क्यू इथल्या अर्काइव्हमधल्या वॉर डायऱ्या, म्हणजे पलटणींच्या रोजच्या नोंदवह्या, उतरवून घेतल्या. ते सगळं चुकीचं नाही, पण आमच्या माणसाचं नाही.

चूक कुठे झाली तर अगदी सुरुवातीला. घरात एकच वाक्य चालत आलं होतं, "आजा कुटला व्हता." मी कुट ऐकलं आणि थेट वेढा धरला, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, तुर्कांनी कोंडलेली जनरल टाउनशेंडची इंग्रजी फौज, उपासमार, शरणागती. वेढ्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७, म्हणजे पणजोबा या तिन्हीपैकी एकीत, असं गृहीत धरून बसलो. पण घरच्या कुणी वेढा हा शब्द उच्चारलाच नव्हता, तो मी घातला.

आता मेडलांबद्दल. ती चुलतभावाकडे ट्रंकेत निघाली हे मागच्या वेळी लिहिलं होतं. दोन आहेत, चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल आणि ब्राँझचं व्हिक्टरी मेडल, दोन्ही एकाच गंजलेल्या पट्टीला अडकवलेली, रिबनी जवळजवळ कुजलेल्या. आमच्याकडे खंडेनवमीला कोयता, विळा, कुऱ्हाड यांच्या शेजारी ही मेडलंही पाटावर मांडली जायची. त्यामुळे झालं असं की चांदीचं मेडल दरवर्षी राखेने नाहीतर चिंचेने घासलं गेलं आणि कडेवरची अक्षरं जवळजवळ गेली, नंबर आणि नाव कसंबसं वाचता येतं आणि पुढे ११ नंतर नुसता एक तिरका ओरखडा, मग मॅहराटाज. ब्राँझच्याला कुणी घासायच्या भानगडीत पडलं नाही, पण त्याच्या कडेवर हळदीकुंकवाचे इतके थर बसलेत की अक्षरं खाली गाडली गेली.

आधी चांदीच्या मेडलवर तीन आठवडे घालवले. ट्रेसिंग पेपर लावून पेन्सिल घासली, काही नाही. खडूची पूड भरून पुसली, अक्षरांपेक्षा ओरखडेच जास्त उठून आले. अंधारात टॉर्च अगदी आडवा धरून मोबाईलने फोटो काढले, जवळपास दोनशे, त्यात एवढंच कळलं की उरलेली रेघ सरळ तिरकी आहे, वळणदार नाही, म्हणून ११६ बाद. ११० तर आधीच बाद होता कारण १०३, १०५ आणि ११० यांच्या नावात लाइट इन्फन्ट्री होतं, म्हणजे कडेवर पुढे एल. आय. असतं, ११४, ११६, ११७ नुसत्या मॅहराटाज. उरले ४ आणि ७. आणि तिरकी रेघ तर दोन्हीत असते! इथे मी जो अडकलो तो अडकलोच. खरं सांगायचं तर मनातून मला ७ च हवा होता, कारण तक्ता तयार होता.

मग सरळ विचार केला की चांदीवर आता काही उरलेलंच नाही तर कुंकवाखाली बघावं. ब्राँझच्या मेडलला पॉलिश लावायचं नाही हे मी इथे चारदा लिहिलंय, पाचव्यांदा लिहितो, कुठलंही चकाकवायचं पॉलिश नको, अक्षरांच्या कडा जातात आणि परत येत नाहीत. डिस्टिल्ड वॉटर, कापूस आणि बांबूची टूथपिक, बस्स. एका वेळी एक अक्षर ओलं करायचं, दहा मिनिटं थांबायचं, टूथपिकने हलकेच सोडवायचं, लगेच कोरडं करायचं. चार रात्री लागल्या. मी फक्त पलटणीचा आकडा मोकळा केला, बाकीचं कुंकू तसंच ठेवलंय. शंभर वर्षांच्या पूजेचं आहे ते, ते काढणारा मी कोण. भिंग १० एक्सचं साधं घड्याळजीचं वापरलं, कॅमेरे लावलेली महागडी मायक्रोस्कोप यंत्रं या कामाला लागत नाहीत असं माझं स्पष्ट मत झालंय.

४ दिसल्यावर पहिल्यांदा वाईट वाटलं. मग दुसऱ्या दिवशी पट्टीकडे नीट बघितलं आणि वाटलं हे तर मला आधीच दिसायला हवं होतं. १९१४-१५ स्टार नावाचं तिसरं मेडल नाहीये. ३१ डिसेंबर १९१५ पर्यंत जो लढाईच्या मुलखात पोचला त्याला स्टार, आणि कुटचा वेढा आवळला गेला ७ डिसेंबरला, म्हणजे वेढ्यात सापडलेला प्रत्येक शिपाई स्टारचा हक्कदार. हरवला असेल अशी मी स्वतःची समजूत घालत होतो, पण पट्टी मोजली, ७ सेंटिमीटरला एखादा मिलिमीटर जास्त. ब्रिटिश वॉरची रिबन ३२ मिलिमीटर, व्हिक्टरीची ३९, बेरीज ७१. तिसऱ्या रिबनला जागाच नाही. पट्टी पहिल्या दिवसापासून दोनचीच आहे. पट्टी फेकून देऊ नका, रिबन बदलली तरी जुनी पट्टी जपा!

आणि आता खरी गंमत. हे सगळं सांगायला थोरल्या आत्याला फोन केला, तिचं वय ८६, कान अजून तल्लख. म्हटलं, आत्या, तुझे आजोबा वेढ्यात नव्हते गं. ती म्हणाली, "आरं म्या कवा म्हनलं येढ्यात? आजा सांगायचा, कुटला आगबोटीतनं उतारलं का म्होरं आगीनगाडी हुबी."

हे वाक्य तिने मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. माझ्या वहीत आहे, शेजारी मीच पेन्सिलीने लिहिलंय, "आठवणीत गल्लत, कुटला रेल्वे नव्हती." १९१६ मध्ये नव्हतीच. पण १९१७ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी कुट परत घेतलं, मार्चमध्ये बगदाद पडलं आणि त्याच उन्हाळ्यात कुटपासून बगदादच्या दाराशी हिनैदीपर्यंत मीटर गेज लाइन टाकली. तैग्रिस नदी कुटच्या वर फार वळणावळणाची, आगबोटींचे दिवसच्या दिवस जायचे, म्हणून बसऱ्याकडून बोटीने येणारी माणसं आणि माल कुटला उतरवून गाडीत घालायला लागले. म्हणजे आत्याच्या एका वाक्यात अख्खी तारीख होती, बोट आणि गाडी दोन्ही कुटला म्हणजे १९१७ चा उन्हाळा किंवा त्यानंतर, आणि स्टार नसणं त्याच्याशी तंतोतंत जुळतं. आत्याची गल्लत नव्हती. पेन्सिलीची ती ओळ खोडून खाली तारीख टाकून ठेवली आहे.

तर आता ११४. ही पलटण सतराव्या डिव्हिजनच्या ३४ व्या ब्रिगेडमध्ये होती आणि तिचं नाव झालं ते ऑक्टोबर १९१८ मध्ये, तैग्रिसकाठी शरकातच्या लढाईत. डिव्हिजन तैग्रिसच्या पश्चिम काठाने वर सरकत होती, पूर्वेकडून अठरावी, आणि इंग्रज सेनानी कॅसल्सच्या घोडदळ ब्रिगेडने वर जाऊन मोसूलची वाट अडवलेली. इस्माईल हक्कीच्या तुर्की फौजेने ३० ऑक्टोबरला शस्त्रं ठेवली, आणि त्याच दिवशी मुद्रोसला तुर्कांशी युद्धबंदीच्या करारावर सह्या झाल्या. पणजोबा तिथे होते का हे मेडल सांगणार नाही, पण बघायचं कुठे ते आता कळलंय.

नव्या लोकांसाठी एकदाच, कारण दर महिन्याला कुणीतरी विचारतं. १९२२ ला सगळं एका रेजिमेंटमध्ये आलं, ५ वी मॅहराटा लाइट इन्फन्ट्री. १०३ ची पहिली बटालियन झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी रॉयल आणि ११४ ची दहावी, म्हणजे ट्रेनिंगची. "काळी पाचवी" म्हणजे १०५, आजची सेकंड मराठा, तिचा पाचव्या बटालियनशी संबंध जोडू नका. ११४ ला दहावा नंबर मिळाला म्हणून तिच्यावर फार कमी लिहिलं जातं याचं मला आता मनापासून वाईट वाटायला लागलंय.

प्लॅन असा होता की कुटचा तक्ता पूर्ण करून टाकायचा. तो आता जसा आहे तसा ज्याला हवा त्याला देतो, १०३ किंवा ११० मध्ये ज्यांचं कुणी होतं त्यांना उपयोग होईल, मागा. मी ११४ ची डायरी मागवतोय. डायरीत शिपायांची नावं नसतात, नुसता मेलेल्या-जखमी झालेल्यांचा आकडा असतो, हे माहीत आहे.

पण हे लिहिता लिहिता दुसरंच डोक्यात आलं. आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे, या गावातून महायुद्धाला एवढे गेले, त्यातले एवढे परत आले नाहीत. अशा पाट्या सातारा आणि रत्नागिरीकडे कितीतरी गावांत आहेत, अपशिंगे मिलिटरीचं तर सगळ्यांना माहीत आहे. पंजाबची ३ लाख २० हजार नोंदींची रजिस्टरं लाहोरच्या संग्रहालयात टिकली आणि २०२१ पासून ती ऑनलाइन बघता येताहेत, आपल्याकडे तसं काही माझ्या हाती नाही, आणि बसऱ्याच्या स्मारकावर आपल्या साध्या शिपायांची नावं नाहीत, पलटणीपुढे नुसती संख्या. मग निदान गावची पाटी आणि गावातली म्हातारी माणसं तरी जोडून घ्यावीत. पावसाळा संपला की आधी आमच्या तालुक्यातल्या पाट्यांचे फोटो काढतो, टॉर्च आडवा धरूनच, संगमरवरावरही तेच लागतं. आत्या सोबत येते म्हणालीय. शेजारच्या गावात तिची एक मैत्रीण आहे, तिचाही आजा बसऱ्याला होता आणि त्याचं मेडल अजून देव्हाऱ्यात आहे. तिला आजच निरोप धाडलाय की ते घासू नका.