पँगाँगच्या वाटेवरचे मार्मोट

लेहहून चांग ला ही खिंड ओलांडून तांगत्सेमार्गे पँगाँगकडे जाताना ओढ्याकाठी हिरवी कुरणे लागतात. बहुतेक प्रवासी सरोवर गाठण्याच्या घाईत ती मागे टाकतात. आम्ही मात्र जुलैअखेरचा हा प्रवास या कुरणांसाठीच आखला होता, कारण हिमालयीन मार्मोट, म्हणजे खारीच्या कुळातला, बिळात राहणारा गुबगुबीत प्राणी, येथे रस्त्यावरूनही दिसतो.

रस्त्यालगतच्या बिळांपाशी थांबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे बिस्किटांना सरावलेले मार्मोट माणसांच्या हातापर्यंत येतात, पण गवत आणि मुळांवर जगणाऱ्या प्राण्याला हे खाणे अपायकारक ठरते, शिवाय त्याची स्वाभाविक भीती मोडल्याने तो भटक्या कुत्र्यांच्या तावडीत सहज सापडतो. त्यांना हात लावणे आपल्यासाठीही धोक्याचे आहे, कारण तिबेटच्या पठारावरील मार्मोटांमध्ये प्लेगचे जंतू आढळले आहेत.

आम्ही बरेच पुढे जाऊन एका उतारावर शांत बसलो. बिळातून उपसलेल्या मातीच्या ढिगाऱ्यावर एक थोराड मार्मोट मागच्या पायांवर ताठ उभा होता. त्याचे पिवळसर-नारिंगी पुढचे दात दुर्बिणीतून स्पष्ट दिसत होते. वर गरुड घिरट्या घालू लागताच त्याने तीक्ष्ण शिट्ट्या सुरू केल्या आणि प्रत्येक शिट्टीबरोबर त्याची आखूड शेपटी झटका घेत होती. चरणारे सगळे आपापल्या बिळाकडे धावले, तरी कोणी लगेच आत गेले नाही. तोंडाशी थबकून ते आकाशाकडे पाहत राहिले. गरुड दूर गेल्यावर चरणे पुन्हा सुरू झाले आणि दोन पिल्ले उभी राहून एकमेकांना पुढच्या पायांनी ढकलू लागली.

ही सारी लगबग हिवाळ्यासाठी असते. वर्षातले सहा महिने किंवा त्याहूनही अधिक काळ संपूर्ण कुटुंब बिळाचे तोंड आतून माती-दगडांनी बुजवून एकत्र शीतनिद्रा घेते आणि केवळ साठवलेल्या चरबीवर तगते. म्हणूनच ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मार्मोट सर्वांत गुबगुबीत दिसतात. खेळणारी पिल्ले पाहायची असतील, तर जुलै उत्तम.

सकाळी किंवा दुपार कलल्यावर जावे, कारण भर उन्हात ते बिळात विसावतात. दुर्बीण हवीच. शिट्ट्या थांबत नसतील, तर आपण फार जवळ गेलो आहोत असे समजून मागे सरावे. बिळांवरून चालू नये, पोकळ जमीन खचते. चांग ला 5300 मीटरहून उंच असल्याने आधी लेहमध्ये किमान दोन दिवस विश्रांती घ्यावी. परवाने व शुल्काचे नियम बदलत असतात, त्यांची चौकशी निघण्यापूर्वी लेहमध्येच करावी.