तुम्ही विचारलंत म्हणून : काजव्यांचा तो फोटो एडिट केलेला आहे का?

काजव्यांनी लगडलेल्या झाडाचे माझे छायाचित्र पाहिल्यावर लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, कॅमेरा कोणता. त्याचे उत्तर मी लगेच देऊन टाकतो, कारण त्याने कोणाचेच फारसे काही बिघडत नाही. दुसरा प्रश्न आवाज जरा खाली आणून येतो : "पण हा एडिट केलेला आहे ना?" दुधात पाणी किती, हे गवळ्याला विचारताना जो सूर लागतो, तोच या प्रश्नाला असतो. उत्तर असे आहे की होय, केलेला आहे, आणि भरपूर केलेला आहे. परंतु एवढेच सांगून थांबलो तर विचारणाऱ्याच्या मनात भलतेच चित्र उभे राहते, म्हणून तो फोटो कसा तयार होतो ते एकदा नीट लिहून ठेवतो.

भंडारदऱ्याच्या परिसरात, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या गावांच्या आसपास, मेच्या उत्तरार्धापासून पाऊस चांगला लागेपर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे उतरतात. मी दिवस मावळण्यापूर्वी जागा धरतो, ट्रायपॉड घट्ट रोवतो आणि फांद्या जेमतेम ओळखू येतील इतका उजेड उरला असताना झाडाची पहिली फ्रेम घेतो. त्यानंतर कॅमेऱ्याला धक्का लागू द्यायचा नाही. पूर्ण अंधार झाला की आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १६००, अ‍ॅपर्चर २.८ (म्हणजे भिंगाचे तोंड बरेच उघडे) आणि शटर २० सेकंद उघडे, अशा एकामागून एक ४० फ्रेम घेतल्या जातात. घरी आल्यावर त्या सगळ्या संगणकावर एकावर एक रचायच्या आणि सॉफ्टवेअरला सांगायचे, की चित्रातल्या प्रत्येक बिंदूपाशी या थरांपैकी ज्यात सर्वाधिक उजेड असेल तोच तेवढा ठेव. तिसऱ्या फ्रेममध्ये चमकलेला काजवा आणि सदतिसाव्या फ्रेममध्ये चमकलेला काजवा मग शेजारी शेजारी येऊन बसतात. ४० गुणिले २० म्हणजे ८०० सेकंद, जवळजवळ सव्वातेरा मिनिटे. तुम्ही एका नजरेत पाहता ती या सव्वातेरा मिनिटांच्या उजेडाची बेरीज असते. त्यातला एकेक ठिपका त्या झाडावर खरोखर उमटलेला आहे, मात्र ते सगळे ठिपके एकाच वेळी पेटले आहेत असा क्षण त्या रात्री आलाच नव्हता.

याखेरीज साफसफाई असते. मधेच कोणी बॅटरी मारलेली किंवा वळणावरून गाडीचे दिवे फिरलेले फ्रेम काढून टाकावे लागतात, आणि आकाशात विमानाची रेघ उमटली असेल तर ती पुसावी लागते. सर्वांत गमतीचे काम गरम पिक्सेलांचे. शटर बराच वेळ उघडे राहिले की सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग, तापतो आणि त्यावरचे काही बिंदू उजेड नसतानाही लाल, निळे, हिरवे चमकू लागतात. त्यांतले हिरवे तर हुबेहूब काजव्यासारखे दिसतात. ओळखायची खूण एवढीच, की काजवा जागा बदलतो आणि गरम पिक्सेल चाळीसही फ्रेममध्ये ठाण मांडून बसलेला असतो. एका छायाचित्रातून असे शंभरेक खोटे काजवे काढायला माझी अख्खी संध्याकाळ जाते, आणि हेही एडिटिंगच आहे.

"आम्ही आपले जसा निघाला तसाच टाकतो," असे अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. जसा निघाला तसा फोटो नावाची वस्तू डिजिटल कॅमेऱ्यात मुळात नसते. सेन्सरवरच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाची गाळणी बसवलेली असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या या रचनेला १९७६ मध्ये पेटंट मिळाले आणि आजही बहुतेक कॅमेरे तिच्यावरच चालतात. म्हणजे प्रत्येक बिंदूचा एक रंग मोजलेला आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून हिशेबाने काढलेले असतात. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने मोजलेला कच्चा माल, १४ बिटची असेल तर तिच्यात उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या मावतात. आपण एरवी पाहतो-पाठवतो त्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाला २५६ मिळतात. कोणत्या ठेवायच्या आणि कोणत्या सोडायच्या, हे कोणाला तरी ठरवावेच लागते. मी ठरवले नाही तर कारखान्यात बसलेल्या अभियंत्याने ते आधीच ठरवून ठेवलेले असते, आणि मोबाइलचा नाइट मोड तर आपण बटण दाबल्यावर गुपचूप अनेक फ्रेम घेऊन त्या एकत्र करून देतो. त्याला कोणी पाणी किती घातले म्हणून विचारत नाही. आमच्या गावातल्या स्टुडिओत काचेवर निगेटिव्ह ठेवून, मागून दिवा लावून, बारीक टोकाच्या पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग घालवण्याचे काम चाले. त्याला 'टचिंग' म्हणत, आणि मुलीचा फोटो स्थळाकडे पाठवायचा असेल तर ते आवर्जून सांगितले जाई. त्या फोटोंवरून लग्ने जमली आणि टिकलीही.

मग सीमा कोठे आखायची? बातमीच्या छायाचित्राची सीमा कडक असते आणि असायलाच हवी. नॅशनल जिओग्राफिकच्या फेब्रुवारी १९८२ च्या अंकावर गिझाच्या पिरॅमिडांचा आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठात बसावा म्हणून दोन पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवण्यात आले होते आणि त्यावरून मोठी टीका झाली. फोटोशॉप बाजारात आले १९९० मध्ये, तेव्हा खोडी सॉफ्टवेअरच्या आधीची आहे. माझ्यापुरता मी असा नियम ठेवला आहे, की जे त्या रात्री त्या चौकटीत उमटले नाही ते आणून चिकटवायचे नाही. सॉफ्टवेअरमध्ये काजव्यांच्या ठिपक्यांचा ब्रश करून ते झाडावर हवे तेथे शिंपडणारे लोक आहेत. एका बक्षीसपात्र छायाचित्रात सात ठिपक्यांचा तोच झुबका मला तीन वेगवेगळ्या फांद्यांवर सापडला होता. त्यावर मी काही लिहिले नाही, कारण तोवर माझ्याकडूनही एक चूक झालेली होती.

ती चूक फोटो वाटण्यातली होती. दोन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात मी रस्त्याकडेला कॅमेरा लावून उभा असताना नाशिकहून आलेले एक निवृत्त जोडपे शेजारी येऊन थांबले. समोरच्या झाडावर काजवे होते, एका लयीत उजळत आणि विझत होते. काकूंनी थोडा वेळ पाहिले आणि मला विचारले, "एवढेच का हो? की अजून यायचे आहेत?" काकांनी खिशातून मोबाइल काढला आणि ज्यावरून ते इतक्या लांब आले होते तो फोटो माझ्यापुढे धरला. फोटो माझाच होता. कोपऱ्यातले नाव कापलेले, हिरवा रंग कोणीतरी चढवलेला, आणि मधोमध गुलाबाच्या फुलासह 'शुभ रात्री' लिहिलेले होते. मूळ फोटोखाली मी फक्त "काजव्यांची रात्र" एवढेच लिहिले होते. ४० फ्रेमचा उल्लेख मला तेव्हा रुक्ष वाटला होता. मोबाइलच्या उजेडाने आम्हा तिघांचेही डोळे दिपले आणि समोरचे झाड दिसेनासे झाले. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात, म्हणून मोबाइल बंद करून थोडे थांबा, असे मी त्यांना सुचवले. फोटो माझा आहे, हे मात्र सांगितले नाही. ते दहा मिनिटे थांबले असतील, तेवढ्यात त्यांच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला. जाता जाता काकू म्हणाल्या, "फोटोतच बरं दिसतं बाई."

तेव्हापासून मी वर्णनावर विसंबत नाही, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पुढे जातो आणि वर्णन मागे राहते. फाइलच्या पोटात साठवलेली शटरची, वेळेची माहितीही त्या प्रवासात गळून पडते. ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो आकसतो, अंधाऱ्या भागात चौकोनी ठिगळे उठतात आणि बारीक काजवे त्यांत बुडून जातात. म्हणून वाटण्यासाठी मी वेगळी, लहान प्रत काढतो आणि तिच्या तळाशी काळी पट्टी जोडून तीवर लिहितो : '४० फ्रेम, प्रत्येकी २० सेकंद, एकत्र केलेल्या'. पट्टीही कापता येते, पण कापणाऱ्याला निदान तेवढे कष्ट पडतात. गावाचे नाव लिहिणे मी बंद केले आहे, कारण गाड्यांच्या दिव्यांनी काजव्यांच्या मीलनात अडथळा येतो. मी जेथे उतरतो त्या घरच्या मालकाला हे अजिबात पटलेले नाही. "दादा, नाव टाका की. आमचा धंदा ह्या पंधरा दिवसांचा," असे तो दर वर्षी म्हणतो, आणि त्याला देण्याजोगे उत्तर माझ्याकडे नाही.

यंदा फ्रेम जोडून केलेल्या छायाचित्राबरोबर मी त्यातली एक सुटी फ्रेमही पाठवली, न रचलेली, फक्त २० सेकंदांची. जोडलेल्या फोटोवर वाहवा झाली. सुट्या फ्रेमखाली एका परिचिताने विचारले, "ह्यात काजवे कुठे आहेत?" मी कळवले, की खोलीतला दिवा घालवा, मोबाइलचा उजेड पूर्ण वाढवा आणि डावीकडच्या सादड्याच्या सर्वांत खालच्या फांदीपासून मोजायला लागा. मी मोजले तेव्हा त्रेसष्ट ठिपके भरले होते. वीस सेकंदांत एकच काजवा अनेकदा लुकलुकतो, तेव्हा त्यांत काजवे नेमके किती होते, हे मात्र विचारू नका.