आमची वाटचाल : वेलपट्टीचा खाका

वडील सावंतवाडीहून मुंबईला आले तेव्हा सावंतवाडी हे वेगळे संस्थान होते. 1948 साली ते विलीन झाले, त्याच्या थोडी आधीची ही गोष्ट. वेंगुर्ल्याला आगबोटीत बसून ते मुंबईत उतरले आणि गिरगावात गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकून राहिले. आमचे घराणे चितारी. गावी लाखेचे पाट, खेळणी आणि गंजिफा म्हणजे जुन्या खेळातले गोल पत्ते रंगवलेल्या त्या हाताला इथे पहिले काम मिळाले ते ग्रँट रोडच्या एका चाळीच्या जिन्याला चुना लावण्याचे, आणि ते त्यांच्या मनाला अखेरपर्यंत लागून राहिले.

सुट्टीच्या दिवशी ते व्ही. टी. स्टेशनात जाऊन मान दुखेपर्यंत तिकीटघराचे छत पाहत. त्या इमारतीच्या सजावटीत जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता, हे त्यांना कोणीतरी सांगितले होते. "जे. जे.त शिकायला फी पडते, वर बघायला पडत नाही," असे ते आम्हाला म्हणत. पुढे एका वयस्क कारागिराच्या हाताखाली ते भिंतीवर नक्षीच्या पट्ट्या ओढायला आणि वर्ख लावायला शिकले आणि मलबार हिल, वाळकेश्वर, पेडर रोड इथल्या बंगल्यांची दारे त्यांना उघडली. ती मागची दारे होती, हे नमूद करायला हवे. पुढच्या दाराने आम्ही आत गेलो ते फार उशिरा.

आमच्या धंद्याचे खरे भांडवल म्हणजे खाका. जाड कागदावर नक्षी काढायची, खाली घोंगडीची घडी घेऊन रेषेवरून सुईने भोके पाडायची, मागे उठलेली कड काचपेपरने घासून टाकायची आणि मलमलीच्या पुरचुंडीतली कोळशाची पूड वरून हलकेच थापायची, की भिंतीवर ठिपक्यांची नक्षी उतरते. वडील दोन कागद एकावर एक ठेवून एकदमच टोचत, म्हणजे परांचीवर एक खराब झाला तरी दुसरा हाताशी राहतो. रेघेसाठी त्यांच्याकडे खारीच्या केसांचे लांब कुंचले होते. रंग दुधाइतका पातळ, करंगळी पट्टीवर टेकलेली, आणि हाताच्या एका ओढीत येईल तेवढीच रेघ. मध्येच थांबलेली रेघ ते टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसायला लावत, पण मजुरी कापत नसत, आणि त्याचीच आम्हाला जास्त लाज वाटे.

1970 ते 2000 ही तीस वर्षे काम बरे चालले.

आता भागीदारांविषयी. नाव लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. ते आमच्याच गावचे, वडिलांना मामा म्हणत, आणि रेघ माझ्यापेक्षा चांगली ओढत, हे मी आजही मान्य करतो. वडील गेल्यावर मी त्यांना निम्मा हिस्सा दिला. 2004 च्या सुमारास व्हिनाइलवर छापलेली नक्षी भिंतीला चिकटवण्याची टूम निघाली आणि इंटिरिअर डेकोरेटर विचारू लागले की, जे दोन दिवसांत चिकटते त्यासाठी महिनाभर परांची कशाला बांधायची? आपणही खाके स्कॅन करून छापून घेऊ, असे भागीदारांनी सुचवले. मी नाही म्हटले. महिन्याभरात ते वेगळे झाले. वाटणीच्या कागदात खाक्यांचा उल्लेखच नव्हता, कारण त्यांना किंमत लावायची असते हे माझ्या डोक्यात आले नाही. एका शनिवारी मी कामावर असताना ते टेम्पो घेऊन आले आणि निम्म्याहून अधिक खाके घेऊन गेले. (धंद्यात नव्याने पडणाऱ्यांना सांगतो : भागीदारी मोडताना शिड्या आणि बादल्या मागाहून मोजा, कागद आधी मोजा.)

पुढच्या मे महिन्यात दादरच्या एका मंगल कार्यालयात भाचीच्या लग्नाला गेलो, तर समोरच्या भिंतीवर आमची वेलपट्टी. दुकानातल्या त्या अठरा इंची खाक्यात पाचव्या पानाचे टोक पूर्वीच फाटून गेले होते. कामावर ते टोक आम्ही हातानेच भरत असू. छापणाऱ्याला हे कोण सांगणार? तीस फुटांच्या भिंतीवर वीस पाने बोडकी होती. मी मोजली. पंगतीत काय वाढले होते ते मला आठवत नाही.

त्याच वर्षी 26 जुलै आला. सांताक्रूझला त्या दिवशी 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुर्ल्याला मिठी नदीजवळच्या आमच्या गाळ्यात पाणी उतरल्यावर ओलीची रेघ माझ्या छातीपर्यंत होती. उरलेल्या खाक्यांचा लगदा झाला होता. भागीदारांनी नेले तेवढेच कोरडे राहिले, हे लिहिताना आजही हात जड होतो.

वाळकेश्वरला एक पारशी बाई होत्या. त्यांची जेवणाची खोली वडिलांनी रंगवली होती आणि दर आठ-दहा वर्षांनी हात फिरवायला आम्हीच जात असू. ऑगस्टमध्ये मी त्यांची आगाऊ रक्कम परत करायला गेलो, तेव्हा त्यांनी पाकीट माझ्याकडेच सरकवले. "डिकरा, पैसे राहू दे. तुझ्या बापाचा एक कागद माझ्याकडे आहे," असे म्हणत त्यांनी पियानोच्या बाकाचे झाकण उचलून एक गुंडाळी बाहेर काढली. वेलपट्टीच्या जोडीतला तो दुसरा खाका होता. उजेडात धरला, तर पाचव्या पानाचे टोक भोकांसकट शाबूत. त्या खोलीपासून आम्ही पुन्हा सुरुवात केली.

2008 साली भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय दुरुस्तीनंतर पुन्हा उघडले आणि तिथली नक्षी पाहून आलेले लोक हाताने केलेल्या पट्टीची चौकशी करू लागले. त्यांना मी दोनच गोष्टी सांगतो. चुन्याच्या जुन्या भिंतीवर प्लॅस्टिक पेंट लावू नका. ओल आत कोंडते आणि फुगे येतात. आणि समुद्राकडच्या घरात पितळी वर्ख लावून पैसे वाचवू नका, खाऱ्या हवेत तो काळा पडतो. सोन्याचा वर्ख लावायचा असेल, तर पंखे बंद करावे लागतील, आणि घरच्यांना ते आधीच सांगून ठेवा.

सध्या पेडर रोडच्या एका दिवाणखान्यात आमचे काम चालू आहे. आधी भिंतीवरचे व्हिनाइल सोलून काढावे लागत आहे, आणि त्यावर छापलेली वेल आमचीच आहे. पाचवे पान मी हाताखालच्या मुलांना दाखवले. बिलात सोलण्याची मजुरी वेगळी लावली आहे.