डिसेंबरातली हुर्राक

पणजीच्या चर्चचं फेस्त ८ डिसेंबरला असतं. त्या आठवड्यात चर्चच्या चौकात खाज्याचे ढीग लागतात, रस्ते तुंबतात, आणि संध्याकाळी सहा जणांना घेऊन चालायचं म्हणजे प्रत्येक वळणावर डोकी मोजायची. मी हेच काम करतो. सहा पाहुणे, चार थांबे, साडेतीन तास. खाणं, फेणी आणि जुन्या पणजीतल्या गल्ल्या. सहा वर्षं झाली. त्या आठवड्यातली एक संध्याकाळ हुर्राकीमुळे, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूमुळे, अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

लोकांना वाटतं, आमचं काम गोष्टी सांगण्याचं. खरं काम दुपारी चारला सुरू होतं. प्रत्येक ठिकाणी फोन करून विचारायचं, आज कोणतं टेबल मोकळं, मालक स्वतः आहेत की पोऱ्या, गाड्यावर रोस ऑम्लेटचा, म्हणजे रश्शातल्या ऑम्लेटचा, शाकुतीचा मसालेदार रस्सा कोंबडी घातलेला की नुसता. पाहुणे जमले की पहिला प्रश्न, स्कूटर भाड्याने घेऊन कोण आलंय? ज्यांनी घेतलीय त्यांनी ती आजची रात्र तिथेच ठेवायची, परतीला टॅक्सी. हे मान्य नसेल तर पैसे परत. पोटात पाव गेल्याशिवाय मी कुणाच्या हातात ग्लास देत नाही आणि अख्ख्या संध्याकाळीत माणशी चार मापांच्या, म्हणजे १२० मिलीच्या वर जाऊ देत नाही. यावरून वाद होतात. होऊ देत.

त्या दिवशी पुण्याचं एक जोडपं होतं, नागपूरचे दोन मित्र होते, आणि मुंबईत नोकरी करणारी एक मुलगी आपल्या आईला घेऊन आली होती. आई निवृत्त प्राथमिक शिक्षिका, गोव्याच्या सीमेलगतच्या दोडामार्गाकडच्या. साधी सुती साडी, पायात चामड्याची चप्पल, हातात कापडी पिशवी. "मी घेत नाही हो, हिने पैसे भरले म्हणून आले," असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. मीही त्याच बाजूचा, त्यामुळे दोन वाक्यांत आम्ही मालवणीवर आलो. मी त्यांना बाई म्हणायला लागलो, त्या मला झिला, म्हणजे मुला.

आबे फारियाच्या पुतळ्यापाशी सुरुवात केली. कांदोळीत जन्मलेला हा पाद्री युरोपात संमोहनासाठी गाजला. पुतळ्यात तो एका बाईसमोर हात पसरून उभा आहे. पाहुणे पहिल्यांदा दचकतात, मग फोटो काढतात. तिथून गाड्यावर रोस ऑम्लेट, मग फोंताइन्हास या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वाड्यातल्या गल्ल्या. इथे मी आवाज खाली करायला लावतो. लोक राहतात या घरांमध्ये. त्यांच्या दारातल्या पायऱ्यांवर बसून तासभर फोटो काढणाऱ्यांनी या वाड्याला इतका जाच दिलाय की काही घरांवर पाट्या लागल्यात. त्या पाट्या मला रास्त वाटतात.

दुसऱ्या थांब्यावर मी फेणी समजावतो. इथे मी वेळ घेतो, कारण याबद्दल बाहेर फार खोटं बोललं जातं. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. फेणीसाठी बोंडू, म्हणजे काजूचं फळ, झाडावरून तोडत नाहीत. पिकून आपोआप पडलेलंच वेचतात. बी वेगळी काढायची, बोंडू जांभ्यात कोरलेल्या कुंडात पायांनी तुडवायचे, उरलेला चोथा दगडाखाली दाबायचा. रस दोन-तीन दिवस आपला आपण आंबतो. त्यात यीस्ट घालत नाहीत, साखर नाही, पाणीसुद्धा नाही. मग तो भाणात, म्हणजे दारू गाळायच्या भांड्यात, चढवायचा, खाली लाकडाचा जाळ, आणि वाफ जिथे उतरते त्या मडक्यावर पाणी ओतत राहायचं. पहिल्या धारेची ती हुर्राक, साधारण पंधरा टक्क्यांची. त्या हुर्राकीत पुन्हा आंबलेला रस मिसळून दुसऱ्यांदा काढली की फेणी, ४२ टक्क्यांच्या आसपास. २००९ मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय ठरवलं. त्याआधी कायद्याच्या कागदावर ती नुसती गावठी दारू होती.

आणि मग मी हुर्राकीबद्दल बोलतो. मार्चमध्ये पहिली हुर्राक उतरते तेव्हा गोव्यातल्या माणसाच्या तोंडाला पाणी कसं सुटतं, लिम्का, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची, बर्फ. नाक ग्लासाजवळ नेलं की पिकलेल्या बोंडवाचा गोड, किंचित तुरट वास. मे संपता संपता ती संपते. पावसापलीकडे तिची चव टिकत नाही. हे मी फार प्रेमाने सांगतो. माझ्या आजोळी भाटी नव्हती, पण शेजारी होती, आणि दुपारच्या उन्हात तो वास अख्ख्या वाडीवर पसरायचा.

यातच माझी चूक होती, असं आता वाटतं. मी शेवटी सांगतो की आत्ता मिळणार नाही. पण दहा मिनिटं ज्याची तारीफ ऐकली ती गोष्ट मिळणार नाही हे कुणाच्या डोक्यात शिरतच नाही. त्यात आमच्या कंपनीच्या जाहिरातीत बारा महिने 'फेणी आणि हुर्राक चाखा' असं लिहिलेलं असतं, वर एप्रिलात काढलेला फोटो. पर्यटकांचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हुर्राकीचा मार्च ते मे. दोन्ही कधी भेटत नाहीत. ते वाक्य काढा म्हणून मी दोनदा कळवलं. उत्तर आलं, लोक त्याच शब्दावर क्लिक करतात.

चौथा थांबा एक छोटं जुनं तावेर्न, म्हणजे दारूचं दुकान, आहे. चार टेबलं, लाकडी काउंटर, काचेच्या बरणीत चणे. मालक साठीचे, मी त्यांना दादा म्हणतो. सहा वर्षांपूर्वी, मला कुणी उभं करत नव्हतं तेव्हा, त्यांनी मला आठवड्यातून चार संध्याकाळी एक टेबल दिलं. मी आजारी पडलो तेव्हा माझी माणसं त्यांनीच सांभाळली. हे सांगायला हवं, कारण पुढचं याच्याशिवाय कळणार नाही.

मी बाहेर टॅक्सीला फोन करत होतो. नागपूरच्या दोघांनी काउंटरवर विचारलं, "हुर्राक आहे का?" दादा म्हणाले, आसा. फ्रिजमधून लेबल नसलेली प्लास्टिकची बाटली निघाली. मी आत आलो तेव्हा सहा ग्लास भरलेले होते. पुण्याच्या जोडप्यातल्या बायकोने एक घोट घेऊन डोळे मिटले. "अरे, तुम्ही म्हणालात तसंच आहे!"

मी ग्लास उचलला नाही. उचलायची गरज नव्हती. टेबलापर्यंत फेणीचाच वास येत होता, जड, थोडा धुरकट, फक्त पातळ झालेला. हुर्राक अशी नसते. फेणीला दारू म्हणून जो कडक दणका असतो तो पाण्याने घालवता येतो, पण बोंडवाचा हिरवा ताजेपणा पाणी घालून आणता येत नाही.

बाईंनी आपला ग्लास जवळ ओढला. करंगळी बुडवली, दोन थेंब तळहातावर घेतले, दोन्ही हात एकमेकांवर घासले आणि नाकाजवळ नेले. थोडं थांबून पुन्हा नेले. ही परीक्षा मी भाटीवरच्या म्हाताऱ्यांना करताना पाहिलीय. दारू उडून जाते आणि मागे जो वास राहतो तो खरं सांगतो.

"ही हुर्राक न्हय, झिला," त्या म्हणाल्या. "फेणयेत पाणी घातलेला हा."

आवाज मोठा नव्हता. पण टेबल छोटं होतं. मुलगी म्हणाली, "आई, असू दे ना." नागपूरचा एक जण हसत माझ्याकडे वळला, "काय हो, खरंय का?" काउंटरमागून दादाही माझ्याकडे पाहत होते. हातात फडकं होतं, ते पुसायचे थांबले होते.

मी म्हणालो, "हंगाम नाही ना, त्यामुळे ताजी नसणारच."

एवढंच. हे वाक्य खोटं नव्हतं. पण त्या वेळी त्या टेबलावर ते खोटंच होतं. नागपूरकरांनी ग्लास संपवले. पुण्याच्या नवऱ्याने दुसरं माप मागितलं, मी आजची मर्यादा झाली म्हणून नाही म्हटलं, आणि त्या नकारात मला जरा सुटल्यासारखं वाटलं. बाईंनी पदराला हात पुसले आणि खिडकीबाहेर पाहत बसल्या.

टॅक्सीपर्यंतचं अंतर सात-आठ मिनिटांचं. बाकीचे पुढे होते, बाई माझ्याबरोबर सावकाश चालत होत्या. न विचारताच बोलायला लागल्या. त्यांच्या वडिलांची काजूची बाग ओढ्याच्या कडेला होती. ओढ्यापलीकडे गोवा. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ला, तेव्हा त्या चार वर्षांच्या. पलीकडे परवाना काढून भाटी लावता येत होती. ओढ्याच्या अलीकडे १९४९चा मुंबईचा दारूबंदी कायदा, म्हणजे तीच झाडं, तोच बोंडू, पण भाण चढवलं की गुन्हा. एका एप्रिलात पोलीस आले आणि मडकी फोडली. वडिलांनी पुन्हा कधी भाण लावलं नाही. बिया विकायचे, बोंडू झाडाखाली कुजायचे. "आमच्या परड्यातला कुंड अजून हा," त्या म्हणाल्या. "पावसाचा पाणी रवता त्यात, बेडूक ओरडतत."

आमच्या बाजूला अजूनही बहुतेक बागांत हेच होतं. बोंडवाचा सडा पडतो आणि चिलटं येतात. हे मी पाहुण्यांना कधी सांगत नाही, कारण सहलीच्या चौकटीत ते बसत नाही. बसवायला हवं होतं.

टॅक्सीत बसण्याआधी त्यांनी विचारलं, "तुका कळलेला मां?"

"होय."

"मगे?"

मी काही बोललो नाही. त्यांनी माझ्या हाताला हात लावला आणि आत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादांकडे गेलो. ते चिडले नाहीत. खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "तू आठवड्याला चार गट आणतोस. चारही गट आत येतात आणि हुर्राक मागतात. त्यांना ती कोण सांगतो? मी नाही म्हटलं की तोंडं पडतात, मग दुसरीकडे जाऊन विचारतात. दुसरीकडे काय मिळतं ठाऊक आहे? मी निदान माझी खरी फेणी वापरतो. आणि एप्रिलात, माझ्याकडे अस्सल हुर्राक असते तेव्हा, तू महिन्याला दोन गट आणतोस. उरलेली मी कुणाला पाजू?"

मी म्हटलं, फेणीत पाणी आहे असं सांगून द्या, लोक तेही पितील. ते म्हणाले, "तसं सांगून बघ तू."

यातलं काय चूक होतं ते मला अजून नीट मांडता येत नाही. त्यांनी पैसे हुर्राकीचेच घेतले, आणि हुर्राक फेणीहून स्वस्त असते. म्हणजे लुबाडलं असंही म्हणता येत नाही. कुणाला अपाय झाला नाही. पण बाकीची माणसं आपापल्या गावी गेली आणि हुर्राक कशी लागते हे त्यांना आता माहीत आहे असं ती समजतात. ते चुकीचं आहे, आणि त्यावर माझ्या शब्दाचा शिक्का आहे. ज्या बाईंनी लहानपणी खरी प्यायली नसेल पण श्वासात घेतली, त्यांनी खरं सांगितलं, आणि मी त्यांना अनोळखी डोळ्यांसमोर एकटं सोडलं. दादांना एकटं सोडू नये म्हणून. दोघांपैकी एकाला सोडावं लागणार होतं का, की तिसरं काही बोलता आलं असतं, हे मी रोज रस्त्याने चालताना जुळवून बघतो. "दादा, ही तुमची फेणी आहे ना, पाणी घातलेली? छान आहे, पण हुर्राक मार्चात," असं हसून म्हणता आलं असतं. आता सुचतं. तेव्हा सुचलं नाही.

आठवड्याने नागपूरच्या दोघांनी पाच तारे दिले आणि लिहिलं की हुर्राक हा संध्याकाळचा कळस होता. कंपनीने ते वाक्य जाहिरातीत वर लावलंय. ते काढा म्हणून मी तिसऱ्यांदा कळवलंय, या वेळी कारणासकट.

दुसऱ्या थांब्यावरचं बोलणं मी बदललंय. आता सुरुवातच अशी करतो की हुर्राक आज पणजीत कुठेच नाही, कुणी देऊ लागलं तर घेऊ नका. मग ओढ्याच्या दोन काठांची गोष्ट सांगतो, बाईंचं नाव न घेता. काही जण कंटाळतात. दादांच्या फ्रिजमधली ती बाटली मला पुन्हा दिसली नाही. मीही फ्रिजकडे बघत नाही. आम्ही पूर्वीसारखंच बोलतो, फक्त मी निघताना ते आता "सांभाळून जा" म्हणत नाहीत.

परवा मुलीचा निरोप आला. एप्रिलात आई येणार आहेत, दोन दिवस. हुर्राक बाटलीत भरून परवान्याशिवाय सीमेपलीकडे नेता येत नाही, म्हणून त्यांनाच इकडे यायचंय. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एक भाटी आहे, अजून पायांनी तुडवतात, तिथे मी त्यांना नेणार आहे. त्या पीत नाहीत. हातावर घासून वास घेतील, तेवढ्यासाठी येतायत. संध्याकाळी पणजीत जेवण करू असं मुलीने लिहिलंय, आणि पुढे विचारलंय की त्या दिवशीच्याच जागी जाऊ या का, आईने विचारलंय.

दादांना मी अजून फोन केलेला नाही.