‘हा दहा तासांचा सिनेमाच आहे’

मालिकेचं कौतुक करायचं असलं की दिग्दर्शक मुलाखतीत हे वाक्य हमखास टाकतात. समीक्षकही टाकतात. ते ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण पोटापाण्यासाठी मी सबटायटल्स लिहिते आणि असा दहा तासांचा ‘सिनेमा’ वाट्याला आला, की तो सेकंदासेकंदाने बघावा लागतो. पुढे ढकलायची सोय नाही.

या कामात गोष्ट कळायच्या आधी तिचा आकार दिसतो. स्क्रीनच्या तळाशी टाइमलाइन असते आणि तिच्यावर प्रत्येक संवादाचा एक तुकडा. कुठे बोलणं दाट आहे, कुठे कुणीच बोलत नाही, हे फाइल उघडल्या उघडल्या कळतं. चांगल्या चित्रपटात मिनिटंच्या मिनिटं मोकळी जागा असते. (पैसे मिनिटांवर मिळतात, त्यामुळे ही जागा मला मनापासून आवडते.) अलीकडच्या बऱ्याच मालिकांत ती शोधावी लागते. दाराची बेल वाजते, बाई दाराकडे निघते आणि म्हणते, ‘मी बघते कोण आहे.’ माणूस फोन ठेवतो आणि आपण आत्ताच ऐकलेलं सगळं बायकोला पुन्हा सांगतो. हातात मोबाइल धरून अर्ध्या लक्षाने बघणाऱ्यासाठी हे लिहिलं जातं, दुसरं कारण मला तरी दिसत नाही.

एवढ्यावरून ‘मालिका हलकी, सिनेमा भारी’ असा निकाल लावणारे भेटतात. मला तो पटत नाही. बडबड हा आळशी लेखनाचा दोष आहे आणि आळशी चित्रपटही भरपूर असतात. महत्त्वाकांक्षी मालिका बिघडते ती बहुतेक वेळा उलट्या कारणाने, सिनेमा व्हायच्या हौसेपायी. पहिल्या भागात ओळखी, शेवटच्या भागात उरकाउरकी आणि मधले भाग नुसते वाहत राहतात. चौथा कुठे संपला आणि पाचवा कुठे सुरू झाला, हे काम हातावेगळं केल्यावर मलाही सांगता येत नाही. भाग थांबतो कारण वेळ झाली, त्याच्या आत काहीही पूर्ण झालेलं नसतं.

दोन्ही माध्यमांची तुलना करायची तर एकाच दिग्दर्शकाने एकाच गोष्टीचं दोन्हीकडे काय केलं ते बघावं. स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनचा ‘फॅनी अँड अलेक्झांडर’ घ्या. तो टीव्हीसाठी रचला होता, लांबी 312 मिनिटं. 1982 मध्ये थिएटरात आला तो कापून 188 मिनिटांचा केलेला, आणि चार ऑस्कर मिळाले ते याला. ही काटछाट बर्गमनला फार जड गेली, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय.

काय गेलं त्यात? मुलांच्या खोलीतला एक प्रसंग सांगते. वडील एक साधी खुर्ची घेतात आणि ही जगातली सर्वांत मौल्यवान खुर्ची आहे, अशी थाप तिथल्या तिथे रचून मुलांना रंगवून रंगवून सांगतात. कथानकाला याचा काडीचा उपयोग नाही. हा प्रसंग उचलून बाजूला ठेवला तर गोष्टीचा एक टाकाही उसवत नाही, म्हणून कात्री आधी इथे लागणार हे उघड आहे. पण पुढे हे वडील वारतात. छोट्या आवृत्तीत एक नाटकवाला, दमलेला, सज्जन गृहस्थ जातो आणि आपल्याला वाईट वाटतं. मोठीत तो खुर्चीची गोष्ट सांगणारा बाप जातो. नंतर आई एका बिशपशी, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूशी, लग्न करते आणि मुलं त्याच्या उघड्याबोडक्या घरात येतात तेव्हा त्यांचं नेमकं काय हिरावलं गेलंय, हे कुणी बोलून दाखवायची गरज उरत नाही.

छोटी आवृत्ती वाईट आहे असं मात्र अजिबात नाही. तिथे नाताळच्या झगमगाटातून बिशपच्या भिंतींपर्यंतचा प्रवास झपकन होतो आणि तो धक्का मोठीत थोडा बोथट झालाय. पण माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे जातं. मोठी आवृत्ती नुसती ताणलेली नाही, तिचे भाग पाडलेत. नाताळची रात्र हा एक अख्खा भाग आहे, संपेपर्यंत सगळं घर तुमच्या ओळखीचं होतं आणि भाग मिटतो.

दिग्दर्शक क्षिश्तोफ किश्लोव्स्कीची ‘डेकालॉग’ तर या बाबतीत परीक्षेचा पेपरच आहे. 1988–89 ची पोलिश टीव्हीची मालिका, साधारण तासातासाचे दहा भाग, एकाच वसाहतीतली माणसं, दर भागात नवी गोष्ट. दहा भागांना मिळून नऊ कॅमेरामन होते. ‘मालिकेचा लूक एकसारखा पाहिजे’ म्हणून आज जी घासाघीस चालते, ती आठवून मला याचं हसू येतं. यातला पाचवा आणि सहावा भाग वाढवून त्याने स्वतंत्र चित्रपट केले.

सहाव्या भागात पोस्टाच्या खिडकीमागे काम करणारा एक पोरगा समोरच्या इमारतीतल्या बाईकडे रोज दुर्बिणीतून बघतो. ती आधी चिडते, मग त्याची क्रूर चेष्टा करते, तो स्वतःचं बरंवाईट करून घ्यायला जातो, आणि मग तीच त्याची वाट बघू लागते. टीव्हीवरच्या शेवटात ती पोस्टात जाते आणि तो सांगतो की आता तो तिच्याकडे बघत नाही. संपलं. चित्रपटात ती त्याच्या खोलीत जाते, त्याच्याच दुर्बिणीला डोळा लावते आणि तिला स्वतःचीच एक जुनी, रडतानाची संध्याकाळ दिसते. तो तिच्याशेजारी आहे, अशी ती कल्पना करते.

टीव्ही गोंजारतो आणि सिनेमा अस्वस्थ करतो, असं मानणाऱ्यांनी हे दोन शेवट लागोपाठ बघावेत. इथे टीव्हीने दार तोंडावर आपटलंय आणि सिनेमाने खांद्यावर हात ठेवलाय. माझं मत टीव्हीच्या बाजूने आहे. तासाभराच्या भागाला एवढं कोरडं थांबणं परवडतं, कारण पुढच्या भागात त्याच वसाहतीतलं दुसरं दार उघडणार असतं. एकट्या चित्रपटाला प्रेक्षक घरी पाठवायचा असतो.

पुढच्या काळातल्या नावाजलेल्या मालिकाही भागाच्याच जिवावर उभ्या आहेत. ‘द सोप्रानोज’ 1999 ते 2007 चालली, 86 भाग. पहिल्याच सीझनच्या पाचव्या भागात माफिया नायक टोनी मुलीला कॉलेजं दाखवायला घेऊन जातो, वाटेत जुना खबऱ्या दिसतो आणि तो त्याला तारेने गळा आवळून मारतो. नायकाने असं केलं तर प्रेक्षक दुरावतील, अशी वाहिनीला धास्ती होती. आधीचं काही न बघता हा भाग एकटा बघितला तरी तो पुरा आहे. ‘ब्रेकिंग बॅड’मधला माशीचा भाग (2010) खर्च वाचवण्यासाठी दोन माणसं आणि एक प्रयोगशाळा एवढ्यावर भागवलेला. काहींना तो भयंकर कंटाळवाणा वाटतो. मी तो हौसेने कुणालाही दाखवते.

सिनेमाचा वरचष्मा एका ठिकाणी मात्र मला मान्य आहे, तो म्हणजे शेवट. (अंधार, मोठा पडदा, आवाज या गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत, त्या सोडून देते.) चित्रपट लिहिणाऱ्याला आपण कुठे थांबणार हे पहिल्या ओळीपासून ठरवता येतं. मालिकेच्या लेखकाला अनेकदा पुढचा सीझन मिळणार की नाही हेच माहीत नसतं. मग तो चार दारं उघडी ठेवतो आणि त्यांतली तीन कायमची उघडीच राहतात.

माझ्या म्हणण्याला आडवा येणारा माणूस आहे अमेरिकी दिग्दर्शक डेव्हिड लिंच. 2017 ची ‘ट्विन पीक्स: द रिटर्न’ हा 18 तासांचा सिनेमा आहे, असं तो स्वतः म्हणायचा. ‘काइए द्यू सिनेमा’ या फ्रेंच मासिकाने ती त्या वर्षीच्या चित्रपटांच्या यादीत पहिली ठेवली, ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाच्या यादीत ती दुसरी आली. वादाला तोंड फुटलं ते तिथून. लिंचशी हुज्जत घालायची माझी प्राज्ञा नाही. पण ती मालिका डोक्यावर घेणाऱ्यांना मी विचारते, त्यातलं काय आवडलं? उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं: 1945 ची अणुचाचणी, कृष्णधवल चित्रं, भाग आठ.