हात की माऊस

आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही, आणि तेच सकाळपासून डोक्यात घोळतंय म्हणून लिहायला बसलो.

काल बंटी आला, टेबलाखाली वाकला, कॉम्प्युटरच्या मागे हार्डडिस्कच्या शेजारी खुपसलेलं वायरलेस माऊसचं डोंगल, म्हणजे त्याचा सिग्नल पकडणारं छोटंसं बोंडूक, काढलं, ड्रॉवरमधून जुनी एक्स्टेन्शन वायर शोधली, तिच्या टोकाला डोंगल लावून मॉनिटरपाशी आणून ठेवलं आणि म्हणाला, झालं मामा. खरंच झालं. कर्सर सरळ चालायला लागला, मधे थांबणं नाही, उडी मारणं नाही. मी म्हटलं चहा घेऊन जा, तर म्हणे नको, उशीर केला तर द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये अडकतो. गेला. आणि मी तसाच खुर्चीत, कारण इतके दिवस माझ्या लेखी प्रश्न माऊसचा नव्हताच, हाताचा होता.

हे कोणाला बोललो नाही. अण्णांच्या हाताचं सगळं बघितलंय त्यामुळे कर्सर पहिल्यांदा अडखळला तेव्हा माझी नजर स्क्रीनकडे गेलीच नाही, सरळ बोटांकडे गेली. ऑटोकॅडमध्ये इमारतीच्या नकाशावर भिंतीची लाईन मारतोय, कोपऱ्यावर ऑस्नॅपचा, म्हणजे नेमका बिंदू पकडून देणारा, हिरवा चौकोन दिसतोय, आता फक्त क्लिक करायचं, आणि ऐनवेळी कर्सर दचकल्यासारखा पुढे जातो नि क्लिक भलतीकडे पडतं. अंडू करा, परत मारा. संध्याकाळी जास्त व्हायचं. मी मनाशी म्हटलं दिवसभराचा थकवा, अण्णांचाही संध्याकाळीच... जाऊ दे. बंटी काय म्हणाला माहितीये? संध्याकाळी तू बॅकअप लावतोस ना मामा, म्हणून. बॅकअप! मी त्याच्यावरून काय काय रचून बसलो होतो.

त्याने समजावलं ते असं की हार्डडिस्क निळ्या पोर्टला, म्हणजे यूएसबी ३.० ला लावलेली. तिच्यावर डेटा जायला लागला की पोर्टातून आणि तिच्या वायरीतून एक रेडिओ गोंगाट बाहेर पडतो, तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पण पसरतो, आणि आपला वायरलेस माऊस डोंगलशी बोलतो तोही तिथेच. शेजारी बँडवाले वाजवत असताना फोनवर बोलायचं, तसं. अर्धं ऐकूच येत नाही, मग कर्सर थांबतो आणि पुन्हा ऐकू आलं की एकदम पुढे उडतो. रात्री मी शोधलं तर इंटेलने २०१२ मध्येच यावर पेपर काढलाय, आणि तपासलंय काय तर वायरलेस माऊसच. डोंगल त्या पोर्टापासून लांब न्या, एवढाच घरगुती उपाय. सगळ्या जगाला माहीत असलेली गोष्ट आणि मी इथे नाशकात इंदिरानगरात बसून स्वतःचा हात उताणा करून बघतोय.

मधल्या काळात मी काही केलं नाही असं नाही. सेल बदलले. रिचार्जेबल होते ते काढून साधे टाकले, कारण रिचार्जेबल १.२ व्होल्टचा आणि साधा नवा १.५ चा, म्हटलं त्याने कमी पडत असेल. टेबलावर काच आहे, काचेवर सेन्सर गोंधळतो हे माहीत होतं म्हणून माऊसखाली कालनिर्णयचं जुनं पान ठेवलं. एमजी रोडला जाऊन पॅड आणलं, तेही कुंभाच्या कामांनी खोदून ठेवलेल्या रस्त्यांवरून. दुकानातला पोरगा म्हणतो काका नवीनच घ्या ना. हे सगळं मी अगदी मन लावून करत होतो, कारण हे करताना हाताचा विचार करावा लागत नाही.

पण एक गोष्ट केली नाही. कपाटात वायरचा माऊस आहे, जुना, काळा, चांगला चालणारा. तो लावला असता तर तिथल्या तिथे कळलं असतं. रोज कपाट उघडत होतो, स्टेपलरच्या पिना काढत होतो, तो तिथे वायर गुंडाळून पडलेला दिसायचा आणि मी कपाट बंद करायचो. लावला आणि तरी कर्सर उडाला, तर? मग सेल नाही, काच नाही, काही नाही, मग एकच उरतं. आळस वगैरे नव्हता तो. मला ते कळायलाच नको होतं.

वाचलं मात्र भरपूर. कंपवातात म्हणे हात रिकामा मांडीवर पडलेला असताना जास्त थरथरतो, कामाला लावला की बऱ्याचदा कमी होतो. म्हणजे माझं उलटं होतं, यावरूनच सुटायला हवं होतं मी. पण पुढे लिहिलं होतं की अक्षर बारीक होत जातं. झालं. माळ्यावरून ट्रेसिंग पेपरवरचे जुने नकाशे काढले, रोट्रिंगच्या शाईपेनाने केलेले, कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकमधलं माझं हाताने काढलेलं लेटरिंग बघितलं आणि आत्ताची डायरी शेजारी ठेवली. पट्टी लावून मोजलं, काय सांगू. थोडं बारीक वाटलं. चष्म्याचा नंबरही बदललाय, त्याचंही असेल.

त्या ट्रेसिंगवर ब्लेडने खरवडलेल्या जागा अजून दिसतात. तेव्हा रेष चुकली की ती माझीच, दुसरं कोणी नसायचंच मधे. हात, पेन, कागद. आता हात हलला की खालचा सेन्सर टेबलाचे सेकंदाला हजारो बारके फोटो काढतो, दोन फोटोंतला फरक बघून ठरवतो की हा किती सरकला, मग ते हवेतून डोंगलला सांगतो, मग कॉम्प्युटर, मग ऑटोकॅड. एवढ्या लोकांनी निरोप पोचवल्यावर रेष येते, आणि ती वाकडी आली की मी सगळ्यांना सोडून पहिल्या माणसाला धरलं. माऊस ज्याने शोधला त्या एंगेलबार्टचा पहिला माऊस लाकडाचा होता, खाली दोन चाकं होती, एक आडव्याचं माप घ्यायला, एक उभ्याचं. ते मला पटतं. टी-स्क्वेअर, म्हणजे नकाशाची मोठी पट्टी, वापरलेल्या माणसाला पटेल असंच ते आहे.

खरं दुखणं मात्र वेगळंच आहे, तेच नीट पकडता येत नाहीये. माऊस सुटला, भीती जागेवरच आहे. तिला आता टेकायला काही नाही एवढंच, म्हणून ती घरभर हिंडतेय. इतके दिवस एकट्याने ओझं वाहिलं आणि शेवटी निघालं काय, डोंगल. कोणाला सांगून दोन शब्द सहानुभूतीचे मिळवावेत तर ती सोयही गेली. मोठा त्याग करून बसलोय आणि कोणाला पत्ताच नाही, असं काहीतरी वाटत होतं काल रात्री, खोटं कशाला बोलू.

तर सकाळी चहा घेताना हिला सांगितलंच. बंटी, डोंगल, हार्डडिस्क असं करत करत हातापर्यंत आलो. ही बशीत बिस्कीट ठेवत म्हणाली, तरीच तुम्ही कप दोन्ही हातांनी धरताय हल्ली. म्हटलं, तुला दिसलं होतं? म्हणे दिसेल नाही तर काय, मला वाटलं थंडी. निफाडचा पारा रोज पेपरात पहिल्या पानावर, तेव्हा तसं वाटणारच. मी अण्णांचं नाव घेतलं नाही, तिनेही नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं की मग डॉक्टरकडे जायचंय का, मी म्हटलं कशाला, माऊस होता तो. ती हसली. मीही हसलो, बऱ्याच दिवसांनी जरा बरं हसलो. कप मात्र तेव्हाही दोन्ही हातांत होता. आता सवय म्हणा.

बाकी कर्सर झकास चालतोय. चाकाचं तेवढं अजून आहे. पॅन करायला, म्हणजे ड्रॉइंग सरकवायला, चाक दाबतो तर मधेच त्याचं डबल क्लिक होतं, म्हणजे झूम एक्स्टेंट्स, आणि जिन्यावर काम करता करता अख्खी सोसायटी मुंगीएवढी होऊन स्क्रीनच्या मधे येते. बंटीला फोन केला तर म्हणाला चाकाखालचा स्विच गेला असेल मामा, झिजतात ते, नाहीतर तू दोनदा दाबत असशील, वायरचा लावून बघ ना एकदा. बघतो म्हटलं. उद्या सबमिशन आहे, पार्किंगचं गणित अजून बसलेलं नाही, ते झालं की बघू.